आधी छप्पर, मग वाटणी



स्मरणिकेसाठी बँकेतले अनुभव लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. अनुभव पुष्कळ आहेत, पण ते संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर सांगून सांगून जुने झाले. त्याऐवजी इतिहासातला एक विषय घेतो. तोही तसा बँकेच्या जवळचाच आहे. विषय आहे सामाईक पैसा.

एकट्याचा पैसा सांभाळणे सोपे असते. कमावला आपण, खर्चला आपण, बुडाला तर हळहळायचेही आपणच. पण शंभर घरांचा किंवा हजारो भाविकांचा पैसा एका पेटीत पडू लागला की प्रश्न उभे राहतात. चावी कोणाकडे? वाटून किती घ्यायचा आणि शिल्लक किती ठेवायचा? इमारत गळायला लागली तर पहिला रुपया कोणी काढायचा?

हे प्रश्न काही हाउसिंग सोसायट्यांमुळे निर्माण झालेले नाहीत. आपल्या वाशिमलाच १९३९ मध्ये वाकाटकांचा एक ताम्रपट मिळाला. दुसऱ्या विंध्यशक्ती राजाने आपल्या ३७ व्या राज्यवर्षात, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमहून, नांदेडकडचे एक गाव अनेक ब्राह्मणांना मिळून दान दिले, अशी त्यात नोंद आहे. दीड हजार वर्षांहून जुनी गोष्ट. गाव एक आणि हक्कदार अनेक. जॉइंट अकाउंट आपल्या मातीत तेव्हापासून आहे म्हणा ना!

मात्र सामाईक पैशाचा सगळ्यात मोठा धडा महाराष्ट्रात कुठे मिळत असेल तर तो पंढरपुरात. आणि पंढरपूर आपल्याला काही लांबचे नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पातूरवरून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आपल्याच जिल्ह्यातून पुढे जाते. आपल्यापैकी कित्येक जण पाणी, चहा, फराळ घेऊन रस्त्यावर उभे राहतात. दिंडीत चालणाऱ्यांना माहीत आहे की प्रत्येक जण ठरलेली भिशी भरतो आणि त्यातून सगळ्यांचे जेवण, तंबू, ट्रक यांचा खर्च भागतो. शेवटी हिशेब होतो. असा चोख व्यवहार करत करत वारकरी पंढरीला पोचतो आणि देवाच्या पायावर रुपया ठेवतो. त्या रुपयाचे पुढे शेकडो वर्षे काय होत होते, ते पाहू.

दगडावरची पावती

पंढरपूरच्या देवळात एक शिलालेख आहे. त्याला चौऱ्याऐंशीचा लेख म्हणतात. त्या दगडाला पाठ लावली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची समजूत. पिढ्यान् पिढ्या लोक पाठ घासत आले. पण त्या दगडावर काय लिहिले आहे हे वाचले तर कोणत्याही संस्थेच्या खजिनदाराला आनंद होईल. तो देणगीदारांचा बोर्ड आहे!

शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी काय दिले, त्याची मराठीत कोरलेली ती यादी आहे. लहान-मोठ्या दात्यांची नावे आहेत आणि देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादवही त्यात आहे. त्याचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपल्या तोंडातला हेमाडपंत, याचाही उल्लेख आहे. राजा असो की साधा माणूस, ज्याने दिले त्याची नोंद झाली पाहिजे, ही पद्धत साडेसातशे वर्षांपूर्वी होती.

फक्त एक गोष्ट बँकवाल्याच्या नजरेला खटकते. हा दगड जमेचा आहे. नावेची बाजू त्यावर नाही. पैसा आला हे दगडावर कोरले गेले, पण तो कुठे लागला हे कोरायची रीत पडली नाही. पुढच्या शतकांमधल्या अनेक भांडणांचे मूळ मला या अर्ध्या पासबुकात दिसते.

सेवा आणि हक्क

पुढे देवळाचा कारभार वंशपरंपरेने चालू झाला. विठ्ठलाकडे बडवे. त्यांच्याबरोबर सात प्रकारचे सेवाधारी: पुजारी, बेणारे, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे आणि दिवटे. रुक्मिणीमातेकडे उत्पात. प्रत्येकाचे काम ठरलेले. पुजाऱ्याने पूजा करायची, बेणाऱ्यांनी मंत्र म्हणायचे, परिचारकांनी पाणी आणायचे, हरिदासांनी गायचे, डिंगऱ्यांनी देवाला आरसा दाखवायचा, डांग्यांनी चोपदारासारखा दंड धरायचा, दिवट्यांनी मशाल. हे लक्षात घेतले की ही आडनावे नसून एका मोठ्या कार्यालयातली पदे होती हे कळते. आमच्या बँकेत जसा कॅशियर, अकाउंटंट, दफ्तरी, शिपाई, तसेच.

कामाबरोबर हक्कही ठरलेले. कोणत्या पूजेतला कोणता भाग कोणाचा, नैवेद्यातले काय कोणाचे, वस्त्र कोणाचे, यावर वाद होत आणि ते कोर्टात जात. इंग्रजी अमदानीत बडवे आणि सेवाधारी यांच्यात पुष्कळ दावे चालले. देवापुढे एकत्र उभे राहणारे लोक कोर्टात समोरासमोर उभे राहत.

या सगळ्यात सगळ्यात विचार करण्यासारखी पद्धत होती ती लिलावाची. देवाच्या पायापाशी रोज जे उत्पन्न येईल ते गोळा करण्याच्या हक्काचा बडवे मंडळींमध्ये लिलाव होई. जो जास्त बोली बोलेल त्याचा तो दिवस. बोलीची रक्कम बडव्यांच्या घराण्यांत त्यांच्या त्यांच्या हिश्श्याप्रमाणे वाटली जाई आणि त्या दिवशी देवापुढे पडलेले उत्पन्न बोली घेणाऱ्याचे.

वरवर पाहिले तर पद्धत हुशारीची आहे. भाऊबंदांमध्ये रोज पैसे मोजत बसायचे, कोणी किती खिशात टाकले यावर संशय घ्यायचा, त्यापेक्षा लिलाव बरा. रक्कम आधीच ठरली, वाटणी झाली, भांडण मिटले. आजही जत्रेतला पार्किंगचा ठेका, आठवडी बाजाराचा ठेका आपण असाच देतो.

पण याचे गणित जरा मांडून पाहा. समजा, एकाने आजचा दिवस पाचशे रुपयांना घेतला. आता त्याला सूर्य मावळायच्या आत पाचशेच्या वर वसूल झाले पाहिजेत, नाहीतर तो तोट्यात. उद्या दिवस दुसऱ्याचा. अशा वेळी समोर आलेला भाविक त्याला कसा दिसेल? जो दोन रुपये ठेवतो त्याला पुढे सरका, जो पन्नास ठेवतो त्याला थांबा. देवळाचे नाव वीस वर्षांनी कसे असेल याचा विचार एका दिवसाच्या मालकाने कशासाठी करावा? त्याची वही संध्याकाळी बंद होणार.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. देवळाचे पत्रे, पायऱ्या, गटार, रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला सावली, बायकांची सोय हे सगळे कोणाच्या खात्यात? ज्याने आजचा दिवस घेतला त्याच्या नाही, कारण तो उद्या नाही. ज्यांनी बोलीची रक्कम वाटून घेतली त्यांच्याही नाही, कारण ते ज्याचे त्याचे घरचे पैसे झाले. म्हणजे सगळ्यांचे वाटे निघाले, पण देवळाचा वाटा निघालाच नाही.

वंशपरंपरेच्या हिश्श्याला आणखी एक रोग असतो. पिढीगणिक त्याचे तुकडे पडतात. आजोबाचा चार आणे वाटा चार मुलांत एकेक आणा होतो आणि नातवांत पैशांवर येतो. वाटा बारीक झाला की जबाबदारीही बारीक होते, पण हक्काची भावना मात्र तेवढीच राहते. आपल्या वऱ्हाडात सामाईक विहिरीचे असेच होते. पाणी सगळ्यांना पाहिजे, गाळ काढायच्या दिवशी कोणी फिरकत नाही.

मराठीत बडवे हा शब्द आपण आज वाईट अर्थाने सर्रास वापरतो. पुढाऱ्याभोवतीचे लोक म्हणजे बडवे, असे. मला ते बरोबर वाटत नाही. त्या घराण्यांनी धामधुमीच्या शतकांत देवाची पूजाअर्चा चालू ठेवली, हेही खरे आहे. त्यांच्या जागी तुम्हा-आम्हाला बसवून रोज सकाळी लिलाव केला असता तर आपण फार वेगळे वागलो असतो, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोष माणसांपेक्षा पद्धतीचा जास्त. बँकेतही आम्ही तेच शिकलो. एकाच माणसाकडे कॅश, चावी आणि वही तिन्ही देऊ नका, मग तो कितीही सज्जन असो. पद्धत चांगली असली की साधा माणूसही नीट वागतो.

निकाल लागायला किती वर्षे?

पैशाच्या आधी दाराचा प्रश्न आला, तो सांगितलाच पाहिजे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर. त्यांच्या लोकांची श्रद्धा चाले, पण आत पाऊल चालत नव्हते. १९४७ मध्ये १ मे रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरल्यावर त्यांनी ते सोडले. सामाईक म्हणवणाऱ्या वास्तूत कोणाकोणाचा वाटा आहे, हे त्या दहा दिवसांत ठरले.

पैशाच्या कारभाराचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. भाविकांच्या तक्रारी वाढल्यावर सरकारने १९६८ मध्ये बी. डी. नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने १९७० मध्ये अहवाल दिला. त्यानंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे कायदा झाला. वंशपरंपरेचे हक्क नाहीसे करायचे आणि कारभार समितीकडे द्यायचा, असा त्याचा गाभा. कायदा झाला म्हणून विषय संपला असे आपल्या देशात होत नाही. कोर्टबाजी सुरू झाली. १९८५ मध्ये समितीने कारभार हाती घेतला, तरी दावे चालूच राहिले. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि बडवे-उत्पातांच्या हक्काचा दावा संपला. त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी जाहिरात दिली. त्यात जातीची अट नव्हती आणि महिलांनाही अर्ज करता येत होता.

हिशेब करा. आयोग १९६८, शेवटचा निकाल २०१४. शेहेचाळीस वर्षे! आपल्या सोसायटीच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट. एकदा चुकीची पद्धत रुजली आणि तिला हक्काचे रूप आले, की ती काढायला माणसाचे पूर्ण आयुष्य लागते. कितीतरी वकील, कितीतरी पक्षकार निकाल बघायला राहिले नसतील.

समिती आली म्हणजे सगळे स्वर्गासारखे झाले, असेही नाही. गर्दी आहे, तक्रारी आहेत, वशिल्याचे दर्शन हा शब्द आपण आजही ऐकतो. पण एक फरक पडला. आता देणगीची पावती मिळते, हिशेब एका संस्थेच्या नावावर आहे आणि त्याचे ऑडिट होते. प्रश्न विचारायला जागा झाली. २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचे काम निघाले, तेव्हा देवाच्या पायावर डोके ठेवण्याचे दर्शन १५ मार्चपासून काही आठवडे बंद ठेवले होते. नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या काढून जुना दगड मोकळा केला. रोजच्या लिलावाच्या पद्धतीत हे शक्य झाले असते का? इतक्या दिवसांचे उत्पन्न देवळासाठी कोणी सोडले असते? मला तरी वाटत नाही.

एक्सेटरची वही

आता जरा लांब जाऊ. चौऱ्याऐंशीचा लेख १२७७ पर्यंतचा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२७९ पासून, इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या एक्सेटर या गावच्या कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, बांधकामाचे हिशेब सापडतात. चर्मपत्राच्या गुंडाळ्या आहेत. मधली काही वर्षे गहाळ आहेत, पण १३५३ पर्यंतचा बराच हिशेब टिकला आहे आणि तो छापूनही निघाला आहे. कोणत्या आठवड्यात कारागिरांना किती मजुरी दिली, दगड कुठून आणला, त्याच्या वाहतुकीला किती लागले, सगळे लिहिलेले. बिअर नावाच्या गावच्या खाणीतून दगड येत असे, हेही त्यातून कळते. म्हणजे आपल्याकडे जमेचा दगड उरला आणि त्यांच्याकडे खर्चाची वही उरली.

त्या चर्चची अंतर्गत रचना वाचली तर पंढरपूरची आठवण येते. तिथेही सामाईक उत्पन्न होते आणि वाटेकरी होते. त्या वाटेकऱ्यांना कॅनन म्हणत. एक्सेटरला ते चोवीस होते. इंग्लंडमधल्या बऱ्याच कॅथेड्रलांत प्रत्येक कॅननच्या नावावर वेगळी जमीन असे, कोणाची भरघोस तर कोणाची खडकाळ, त्यामुळे हेवेदावे होत. एक्सेटरची रीत वेगळी होती. सर्वांना सामाईक फंडातून वर्षाला सारखेच चार पौंड. त्याखेरीज जो गावात राहून रोजच्या प्रार्थनेला हजर राहील, त्याला वेगळे वाटप. आपल्या भाषेत सांगायचे तर मूळ वेतन सगळ्यांना एकच आणि हजेरी भत्ता हजर असेल त्यालाच.

माणसे तीच हो. तिथेही नेमणूक घेऊन वर्षानुवर्षे तोंड न दाखवणारे लोक होते. त्या काळच्या इंग्लंडमधल्या सगळ्याच कॅथेड्रलांत ही तक्रार ऐकू येते. म्हणूनच हजेरीवर वाटप ठेवले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पुढे आहे. जुने चर्च पाडून नवे, मोठे उभारायचे काम काढले तेव्हा पैसा लागणार होता. बिशप आपल्या पदरचे देत होते. वॉल्टर स्टेपल्डन नावाच्या बिशपने तर फार मोठ्या रकमा दिल्या. भाविकांचे दानही येत होते. पण वाटेकऱ्यांचे काय? त्या कॅनन मंडळींनी आपल्या ठरलेल्या चार पौंडांपैकी अर्धे, म्हणजे दोन पौंड, बांधकामाच्या फंडाला दिले. तेही एकदाच टाळ्या घेण्यापुरते नव्हे, तर वर्षानुवर्षे. बांधकामाचा फंड वेगळा, त्याचे जबाबदार माणूस वेगळे आणि त्याचा सालोसाल हिशेब वेगळा. चर्चच्या वाटपाचा पैसा आणि इमारतीचा पैसा एकमेकांत मिसळू दिला नाही.

काम सुरू करणाऱ्यांपैकी कोणी ते पूर्ण झालेले बघितले नाही. मुख्य बांधकाम जवळजवळ ऐंशी वर्षे चालले. पण ती इमारत आज उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये जर्मन बॉम्बने तिचा एक भाग उद्ध्वस्त केला, तोही पुन्हा बांधला गेला.

गोव्याची गावकरी

इंग्रजांचे उदाहरण दिले की कोणी म्हणेल, साहेबाचे कौतुक आपल्याला नको. ठीक आहे, आपल्या शेजारचे घेऊ. गोव्यात गावकरी नावाची फार जुनी संस्था आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. गाव वसवणाऱ्या घराण्यांचे पुरुष म्हणजे गावकर आणि गावची जमीन कोणा एकाची नसून गावकरीची. ही शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसायला देत. म्हणजे लिलाव इथेही आहे, पण त्याच्या पैशाचा रस्ता बघा.

लिलावाचे उत्पन्न आधी गावकरीच्या सामाईक खात्यात. त्यातून पहिल्यांदा सरकारचा सारा. मग बांध. गोव्यात समुद्राचे खारे पाणी भरतीला शेतात घुसते, म्हणून खाजन जमिनीला बांध घालावे लागतात आणि ते सतत दुरुस्त ठेवावे लागतात. मग देवळाचा खर्च, गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च. हे सगळे भागल्यावर जे उरेल ते गावकरांमध्ये वाटायचे. त्या वाट्याला जोण म्हणतात. आणि उरले नाही, तूट आली, तर? तूटही गावकरांनीच भरायची. नफ्यात वाटा, तोट्यातही वाटा.

पोर्तुगीजांनी तिसवाडीतल्या गावांच्या या चालीरीती १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याकडून लिहून घेतल्या. त्या दस्तऐवजात ४९ कलमे आहेत. तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही ही पद्धत मोडण्यापेक्षा लिहून घेणे फायद्याचे वाटले. पुढे त्यांनी देवळे पाडली, कर वाढवले, शेअरसारखे कागद काढले, तरी गावकरी टिकली. स्वातंत्र्यानंतर कूळ कायदे आले, कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते न्यायाचेच झाले. पण बांधाची जबाबदारी कोणाची, यात घोळ झाला आणि कित्येक ठिकाणी बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले. जमीन वाटता आली, बांध कसा वाटणार? तो प्रत्येकाच्या शेतापुढून जातो आणि एका ठिकाणी फुटला तरी सगळ्यांचे नुकसान करतो.

आपला बांध

आता आपल्या सोसायटीकडे येतो. इतका वेळ तुम्हाला पंढरपूर, एक्सेटर आणि गोवा फिरवून आणले, त्यामागे हेतू आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. जिल्हा झाल्यावर वाशिम वाढू लागले, त्या काळात आपण इथे आलो. तेव्हा गच्चीवर उभे राहिले की आजूबाजूला शेते दिसत. आज त्याच गच्चीतून पाणी मुरते. वरच्या मजल्यावरच्या घरांत पावसाळ्यात छताला ओल येते. तळमजल्यावरच्या लोकांना ती दिसत नाही. त्यांना ड्रेनेज तुंबलेले दिसते, जे वरच्यांना दिसत नाही.

मागच्या सभेत दोन सूचना आल्या. एक, सिंकिंग फंडाची वर्गणी आता बंद करावी, मेंटेनन्स तेवढा कमी होईल. "पंचवीस वर्षं भरलं, आता काहून भरायचं?" असे एकाने विचारले. दुसरी, त्या फंडाची मुदतठेव मोडून महोत्सवानिमित्त बाहेरून झकास रंग काढावा. दोन्ही सूचना करणारे आपलेच लोक आहेत आणि त्यांच्या भावना मी समजू शकतो. पेन्शनवर जगणाऱ्याला मेंटेनन्सचा एकेक रुपया जाणवतो. मीही त्यातलाच आहे.

पण आकडे पाहू या. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड म्हणजे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या (जमिनीची किंमत सोडून) वर्षाला किमान पाव टक्का. दुरुस्ती फंड पाऊण टक्का. समजा फ्लॅटचा बांधकाम खर्च चार लाख होता, तर सिंकिंग फंडाचे वर्षाला एक हजार रुपये झाले. महिन्याला ८३ रुपये. आज त्यात दोन माणसांचा नाश्ता होत नाही. पंचवीस वर्षांत मुद्दल पंचवीस हजार आणि वर व्याज. ही रक्कम एका घराला छोटी वाटते, सगळ्या घरांची मिळून मोठी होते. पण आज पिलर, स्लॅब, पाइपलाइन यांचे काम काढायचे म्हटले तर तीही अपुरी पडेल. म्हणजे फंड बंद करायची वेळ आलेली नाही, उलट वाढवायची आली आहे.

दुसरे, हा फंड कशासाठी वापरायचा हे उपविधींनी सांगून ठेवले आहे. पुनर्बांधणी, इमारतीच्या सांगाड्याचे काम, मोठी दुरुस्ती. तेही सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला घेऊन. रंग हे त्यात बसत नाही. रंग काढू नका, असे माझे म्हणणे नाही. रंगासाठी वेगळी वर्गणी काढू. मी माझी पहिल्या दिवशी देतो. पण ओल्या भिंतीवर रंग मारला तर दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतील आणि मुदतठेवही गेलेली असेल.

माझ्या तीन सूचना आहेत. येत्या सभेत त्यांवर चर्चा व्हावी. पहिली, सिंकिंग फंड, दुरुस्ती फंड आणि चालू खर्च यांची खाती कधीही एकमेकांत मिसळू नयेत, तात्पुरती उसनवारीसुद्धा नको. बँकेत आम्ही पाहिले आहे की "तात्पुरते" म्हणून एका खात्यातून दुसऱ्यात गेलेला पैसा परत येताना म्हातारा होऊन येतो. दुसरी, दर तीन महिन्यांनी जमा आणि खर्च दोन्ही बाजू नोटीस बोर्डावर लावाव्यात, फक्त थकबाकीदारांची नावे नव्हे. तिसरी, यंदाच्या महोत्सवाचा जेवणावळीचा खर्च थोडा आवरून इमारतीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. म्हणजे नेमके कुठे किती पैसे लागतील हे कळेल आणि वाद अंदाजावर होणार नाहीत.

पंचवीस वर्षे आपण इथे सुखाने राहिलो. लग्ने झाली, बारसी झाली, काही जण आपल्यातून गेलेही. सुरुवातीच्या समितीतल्या मंडळींनी पगार कमी असताना वर्गणी वेळेवर भरली आणि बिल्डरशी भांडून कन्व्हेयन्स करून घेतला, म्हणून आज ही जमीन आपल्या नावावर आहे. त्यांतले काही आज हयात नाहीत. आता आपल्या नातवंडांच्या वयाची मुले या जिन्यावरून धावतात. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढायची वेळ येईल तेव्हा मी असणार नाही, पण ही मुले असतील आणि त्यांच्या डोक्यावर कोरडी स्लॅब असावी, एवढी इच्छा आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सभेला जरूर या.